बिनखवल्याचा साप सांभाळताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

बिनखवल्याच्या कॉर्न स्नेकबद्दल (हा हौसेने पाळला जाणारा एक बिनविषारी अमेरिकी साप) मदत मागणाऱ्यांचे फोटो साधारण एकाच तऱ्हेचे असतात. पोटावर टाचणीच्या डोक्याएवढे फोड, आणि सोबत प्रश्न: "रोज दोनदा पाणी फवारतो, तरी असं का झालं?" खरं तर तिथे "तरी" नाही, "म्हणूनच" हवं.

खवले नाहीत म्हणजे साप सुकून जाईल, ही समजूतच बहुतेक घोटाळ्यांच्या मुळाशी आहे. १९७२ साली पॉल लिख्ट आणि आल्बर्ट बेनेट या शास्त्रज्ञांनी एका बिनखवल्याच्या गोफर स्नेकच्या अंगातून किती पाणी उडून जातं ते मोजलं. खवले असलेल्या सापाच्या तुलनेत फरक पडला नाही. पाणी अडवण्याचं काम कातडीतले स्निग्ध थर करतात, आणि ते या सापातही असतात. खवला म्हणजे चिलखत. ते नसल्यामुळे घासणं, टोचणं, चावा आणि चटका यांचा धोका वाढतो. पुढची सगळी तयारी याच हिशेबाने करायची आहे.

दुसरा गोंधळ बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्यांमुळे होतो. त्यांच्यातल्या सिल्कबॅक या बिनखवल्याच्या प्रकारासाठी लिहिलेले तेल-लोशनचे सल्ले लोक जसेच्या तसे सापाला लावतात. सापाच्या अंगाला काहीही चोपडायचं नाही.

आणि सगळ्यात आधी: तुम्ही राहता तिथे ही जात पाळायला कायद्याने परवानगी आहे का, नोंदणी लागते का, हे बघा. नसेल तर विषय तिथेच संपला.

खालचे आकडे कॉर्न स्नेकचे आहेत. बॉल पायथनचं (हा पाळला जाणारा एक छोटा अजगर) जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## १. आधी जनुकांचं गणित

कॉर्न स्नेकमध्ये बिनखवल्याचं जनुक अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडूनही ते आलं तरच पिल्लू बिनखवल्याचं होतं. एकाकडूनच आलं तर साप दिसायला नेहमीसारखा असतो, पण जनुक बाळगतो. यालाच हेट म्हणतात.

- हेट × हेट: २५ टक्के बिनखवल्याची. खवले असलेल्या पिल्लांपैकी दोन तृतीयांश हेट, पण कोणती ते दिसत नाही. म्हणून ती सगळी "६६ टक्के पॉसिबल हेट".
- हेट × बिनखवल्याचा: ५० टक्के बिनखवल्याची, उरलेली सगळी नक्की हेट.
- बिनखवल्याचा × नेहमीचा: सगळी खवल्यांची, सगळी हेट.

ही टक्केवारी प्रत्येक अंड्याची आहे, एका वेळच्या सगळ्या अंड्यांची मिळून हमी नाही. हेट × हेट जोडीच्या ८ अंड्यांतून एकही बिनखवल्याचं पिल्लू न निघण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते. तसं झालं की लोक विकणाऱ्याशी भांडायला जातात. भांडण्याआधी दुसऱ्या वेळची अंडी येऊ द्या.

पॉसिबल हेट खरंच हेट आहे का, हे बघायचं तर त्याची जोडी बिनखवल्याच्या सापाशी लावा. एक जरी पिल्लू बिनखवल्याचं निघालं तरी सिद्ध झालं. सहाच्या सहा खवल्यांची निघाली, तर हेट असूनही असं घडण्याची शक्यता ६४ मध्ये १ उरते.

बॉल पायथनचा हिशेब वेगळा. तिथे जनुकाची एकच प्रत असली तरी ती दिसते: डोक्यावरचे काही खवले गायब असतात. त्याला स्केललेस हेड म्हणतात. असे दोन एकत्र आले तर २५ टक्के पिल्लं पूर्ण बिनखवल्याची, ५० टक्के स्केललेस हेड आणि २५ टक्के नेहमीची. इथे "हेट दिसत नाही" असं कोणी सांगत असेल तर त्याने कॉर्न स्नेकचं पुस्तक पायथनला लावलं आहे.

एक प्रश्न विकणाऱ्याला विचाराच. बिनखवल्याच्या कॉर्न स्नेकच्या वंशात ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक या दुसऱ्या जातीच्या सापाचं रक्त आहे. तुम्हाला शुद्ध कॉर्न स्नेकच हवा असेल, तर हा मॉर्फ, म्हणजे जनुकामुळे वेगळा दिसणारा हा प्रकार, तुमच्यासाठी नाही.

## २. घेण्याआधी साप हातात घेऊन तपासा

फोटोवरून घेऊ नका. फोटोत हे साप मखमली दिसतात आणि चट्टे लपतात. चांगल्या उजेडात, कोरड्या, अंगठ्या काढलेल्या हातांनी, पुढच्या क्रमाने बघा.

पोट आधी. कॉर्न स्नेकमध्ये पोटावरच्या रुंद पट्ट्या बहुतेक वेळा शाबूत असतात. गर्भात त्यांची जडणघडण पाठीच्या खवल्यांपेक्षा वेगळ्या वाटेने होते. सरपटताना पकड मिळते ती याच पट्ट्यांमुळे. साप टॉवेलवर सोडा आणि तो सहज पुढे जातो का, की जागच्या जागी वळवळतो, ते बघा. मधेमधे पट्ट्या तुटलेल्या असतील तर तिथली कातडी जमिनीला थेट घासणार. असा साप मी घेत नाही.

मग मान आणि कुशी. इथे कातडीला घड्या पडतात. बोटाने हलकेच घडी उघडा. आत पांढरट कोंडा, ओल किंवा लाली नको. पाठीवर किंवा डोक्यावर तुरळक खवले दिसले तर तो दोष नाही. बऱ्याच बिनखवल्याच्या सापांच्या अंगावर असे चुकार खवले असतात.

नंतर तोंडाची कड, नाकपुड्या, डोळ्यांवरचं पारदर्शक कवच आणि शेवटी गुदद्वाराभोवतीची जागा. बॉल पायथन असेल तर ओठांवरचे उष्णता ओळखणारे खड्डे नीट घडले आहेत का तेही बघा, आणि तो भक्ष्य नेमकं पकडतो का हे प्रत्यक्ष खाताना बघायला मागा.

तपासणी: मागच्या वेळची कात मागा. अखंड कात, त्यात दोन्ही डोळ्यांच्या टोप्या, आणि निदान शेवटच्या पाच-सहा जेवणांची नोंद. या तीन गोष्टी दाखवता येत नसतील तर थांबा.

## ३. साप येण्याआधी घर तयार ठेवा

इथे लोक घाई करतात. साप घरी येतो आणि मग थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणारं यंत्र, शोधला जातो. रिकामं घर किमान ४८ तास चालवून बघायचं, तोवर साप आणायचा नाही.

मोज्याची चाचणी. पातळ नायलॉनचा मोजा हातात घाला आणि घराच्या आतून सगळीकडे हात फिरवा: लपण्याच्या खोक्याच्या दाराची कड, पाण्याच्या भांड्याचा काठ, झाकणाची जाळी, वायर आत येते ते भोक. जिथे मोज्याचा धागा अडकला, तिथे सापाची कातडी अडकणार. ती जागा पॉलिश पेपरने घासा किंवा ती वस्तू बदला. नव्या प्लॅस्टिकच्या खोक्यांच्या दारावर साच्याची बारीक कंगोरी राहिलेली असते. नेहमीच्या सापाला तिने काही होत नाही, या सापाला आठवड्याभरात पाठीवर लांब रेघ उमटते.

तळ. पहिले तीन महिने साधा टिश्यू पेपर किंवा छपाई नसलेला कागद. नंतर हवं तर बारीक चाळलेला नारळाचा भुसा. अ‍ॅस्पेनचे टोकदार ढलपे नकोत. देवदार, पाइन असलं वासाचं लाकूड कुठल्याच सापाला नको.

आतलं सामान. खडबडीत दगड, साल असलेल्या फांद्या बाहेर. त्यांच्या जागी घासून गुळगुळीत केलेली फांदी. मात्र घर अगदी बोडकं ठेवू नका. लपायला जागा नसलेला साप भिंतीला नाक घासत राहतो आणि तीच पहिली जखम होते. लपायच्या किमान दोन जागा हव्यात, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला.

उष्णता. उबदार टोकाला तळाचं तापमान २९ ते ३१ अंश सेल्सिअस, थंड टोकाला २२ ते २४. बॉल पायथनला ३१ ते ३२ आणि २५ ते २७. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावायची नाही. त्याचा सेन्सर पक्का चिकटवा. सापाने तो ढकलून थंड बाजूला नेला की थर्मोस्टॅटला वाटतं अजून गार आहे, आणि मॅट तापतच राहते. साप तापलेल्या जागेवरून वेळेवर उठतोच असं नाही. बल्ब आत असेल तर त्याला जाळीचं कवच हवं, आणि त्या जाळीचीही मोज्याने चाचणी घ्या.

अतिनील दिवा लावायचा की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत. लावलात तर मंद लावा, आणि घराचा निम्मा भाग पूर्ण सावलीत राहू द्या.

तपासणी: इन्फ्रारेड थर्मामीटरने तळाच्या पाच-सहा ठिकाणी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान घ्या. कॉर्न स्नेकच्या घरात एकाही ठिकाणी ३२ च्या वर आकडा दिसला तर साप आणू नका.

## ४. ओलावा: सगळ्यात जास्त चुका इथेच

माझा पहिला बिनखवल्याचा नर आला तेव्हा मीही हेच केलं होतं. त्याला कायम ओलं शेवाळ भरलेलं खोकं दिलं, वर रोज फवारा. तो दिवसभर त्यातच पडून असायचा आणि मला वाटायचं, किती आवडलंय त्याला! अठराव्या दिवशी त्याला उचलून उजेडात धरला. पोटाच्या मागच्या एक तृतीयांश भागात ओळीने फोड होते, आत पारदर्शक पाणी. दोन पट्ट्यांमधली जागा तांबूस झालेली. बाहेरून मखमल जशीच्या तशी. उचलला नसता तर आणखी आठवडाभर कळलंही नसतं.

म्हणून नियम असा. कॉर्न स्नेकला हवेतला ओलावा ४० ते ६० टक्के, म्हणजे खवले असलेल्या कॉर्न स्नेकला लागतो तेवढाच. बॉल पायथनला ६० ते ८०. ओलावा हवेत हवा, तळाला नको. साप बसतो तो पृष्ठभाग हाताला कोरडा लागला पाहिजे.

ओलावा कमी पडत असेल तर पाण्याचं भांडं मोठं घ्या किंवा झाकणाची थोडी जाळी झाका. फवारणी नको. जास्त होत असेल तर हवा खेळती करा. डिजिटल हायग्रोमीटर (ओलावा मोजणारं यंत्र) दोन घ्या, दोन टोकांना एकेक. घड्याळासारख्या काट्याच्या स्वस्त मापकावर विसंबू नका.

सावधान: साप तासन् तास पाण्याच्या भांड्यात बसत असेल तर "त्याला कोरडं पडतंय" असं ठरवून फवारा उचलू नका. आधी उबदार टोकाचं तापमान बघा, मग अंगावर गोचिडीसारखे बारीक काळे जीव, म्हणजे माइट्स आहेत का ते बघा. बहुतेक वेळा कारण या दोहोंतलं एक निघतं.

## ५. पहिले ९० दिवस वेगळे

घरात दुसरे साप असतील तर नवा साप वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, आणि दिवसाच्या कामात शेवटी हाताळायचा. पहिले पाच ते सात दिवस फक्त पाणी बदला, हात लावू नका.

या सापावर माइट्स लवकर दिसतात, हा एकच फायदा. लपायला खवले नसल्यामुळे ते डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खोबणीत जमतात. मात्र फवारणीची औषधं स्वतःच्या अंदाजाने अंगावर मारू नका, "अर्धा डोस" तर नकोच. घर रिकामं करून गरम पाण्याने धुवा, आणि सापासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्याला विचारा.

## ६. खाऊ घालणं

जिवंत भक्ष्य कधीही नाही. इथे अपवाद नाही. नेहमीच्या सापाला उंदराचा चावा खवल्यावर निभावतो. या सापाला तोच चावा थेट मांसापर्यंत जातो.

क्रम असा:

1. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या खणात वितळू द्या. मायक्रोवेव्ह नाही.
2. पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवा. बाहेरून ३८ ते ४० अंश झाला की पुरे. पोट दाबून आत बर्फाचा गोळा उरला नाही ना ते बघा.
3. पूर्ण पुसून कोरडा करा.
4. रबरी टोकाच्या लांब चिमट्याने डोकं पुढे करून द्या. धातूच्या उघड्या चिमट्यावर झडप बसली तर ओठाची कड फाटते.
5. खाली कागद असू द्या, म्हणजे तळाचा भुसा तोंडात जात नाही.
6. त्यानंतर ४८ तास हात लावू नका.

भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वात जाड भागाइतकी, फार तर सव्वापट. वाढत्या पिल्लाला दर ५ ते ७ दिवसांनी, मोठ्याला १० ते १४ दिवसांनी. जेवणानंतर पोटाची कातडी ताणून पातळ दिसते, त्याने घाबरून जाऊ नका.

## ७. कात टाकताना

खवले नसले तरी कात टाकली जातेच. फक्त ती पातळ असते, ओल्या टिश्यू पेपरसारखी, आणि ओढाताण झाली की तुकड्यांनी निघते.

डोळे निळसर, अंग मळकट दिसू लागलं की ओलं शेवाळ घातलेलं गुळगुळीत खोकं आत ठेवा. शेवाळ पिळून घ्या, पाणी ठिबकता कामा नये. डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांत कात पडते. कात पडली की खोकं त्याच दिवशी बाहेर. पुष्कळ जण ते आतच विसरतात आणि चौथ्या टप्प्यातली कहाणी पुन्हा सुरू होते.

कात पडल्यावर ती पाण्यात उलगडून तपासा: शेपटीचं टोक, दोन्ही डोळ्यांच्या टोप्या, मानेच्या घड्या. काही राहिलं असेल तर २८-२९ अंशांच्या उथळ पाण्यात १५ मिनिटं ठेवा आणि ओल्या मऊ टॉवेलमधून त्याला स्वतःहून सरकू द्या. नखाने किंवा चिमट्याने सोलू नका. डोळ्याची टोपी राहिली तर पुढच्या कातीपर्यंत थांबा. दोनदा राहिली तर पशुवैद्य.

## ८. जखम झालीच तर

कागदाच्या तळावर हलवा, सलाइनने धुवा, कोरडं करा, आणि उबदार टोकाचं तापमान नेमून दिलेल्या मर्यादेतच पण स्थिर ठेवा. थंडीत सापाची जखम भरत नाही. रोज एकाच कोनातून, एकाच उजेडात फोटो काढा. नुसत्या आठवणीवर जखम नेहमी "बरी वाटते".

वेदनाशामक घातलेली माणसांची मलमं लावू नका. फोड, पाझर, तपकिरी झालेली कड, वास, किंवा दोन-तीन दिवसांत न सुकलेली ओली जखम दिसली तर घरगुती उपाय थांबवा आणि पशुवैद्याला दाखवा.

## ९. जोडी लावणं

बिनखवल्याच्या दोघांची जोडी लावली की सगळी पिल्लं बिनखवल्याची, म्हणून लोक थेट तीच लावतात. मी लावत नाही. मिलनाच्या वेळी नर मादीच्या अंगावर घासतो, काही नर मान तोंडात धरतात. अंडी देताना मादीच्या कातडीवर आणखी ताण येतो. हेट मादी आणि बिनखवल्याचा नर घेतला तर निम्मी पिल्लं हवी तशी मिळतात आणि ज्या अंगावर सगळा मार येतो ते अंग खवल्यांचं असतं.

मादी किमान ३ वर्षांची आणि ३०० ग्रॅमच्या वर हवी. नुसतं वजन भरलं म्हणून दोन वर्षांची मादी घेऊ नका. थंडीची विश्रांती देणार असाल तर आधी किमान दोन आठवडे खाणं बंद, कारण गारव्यात पोटातलं अन्न सडतं. मग हळूहळू १० ते १५ अंशांवर ८ ते १० आठवडे, पाणी कायम. पुन्हा उबेत आणून दोन-तीन जेवणं झाली की मादीच्या पहिल्या कातीनंतर जोडी.

सावधान: जोडी नजरेसमोर लावा, कागद अंथरलेल्या मोठ्या गुळगुळीत टबमध्ये. चावा धरून सुटत नसेल किंवा मादी सतत पळत असेल तर वेगळे करा. रात्रभर एकत्र ठेवून झोपायला जाऊ नका.

## १०. अंडी आणि पिल्लं

अंडी देण्याआधी मादी एक कात टाकते. त्यानंतर साधारण १० दिवसांत अंडी येतात. कात पडली की ओल्या शेवाळाचं खोकं द्या, अंडी झाली की काढा.

अंडी जशी पडली तशीच उचला. वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा, म्हणजे उलटली तर कळेल. व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनाने सारखं, तापमान २७ ते २८ अंश. सुमारे ६० दिवस लागतात. पिल्लाने कवच चिरलं की हात आवरा. ते डोकं बाहेर काढून एक-दीड दिवस तसंच बसतं, कारण आतला बलक शोषला जात असतो. याच वेळी "मदत" म्हणून ओढून काढलेली पिल्लं सर्वात जास्त दगावतात.

बाहेर आल्यावर प्रत्येक पिल्लू वेगळ्या छोट्या डब्यात, खाली दमट कागद. पहिली कात ७ ते १० दिवसांत पडते आणि तेवढे दिवसच दमटपणा. मग कोरडा कागद, आणि पहिली पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं, केस नसलेलं पिल्लू. बेंबीची जागा बंद झाली आहे का आणि पोटाच्या पट्ट्या सलग आहेत का, हे पहिल्या कातीनंतर भिंगाने बघा. पट्ट्या तुटलेली पिल्लं विकू नका आणि जोडीलाही घेऊ नका.

खवले असलेल्या भावंडांच्या डब्यांवर चिठ्ठी त्याच दिवशी लावा. आई-बापांपैकी एक बिनखवल्याचा असेल तर "हेट", दोघेही हेट असतील तर "६६ टक्के पॉसिबल हेट". सोबत जन्मतारीख, पहिल्या कातीची तारीख, वजन आणि आई-बापांचे क्रमांक. डबे एकदा एकमेकांत मिसळले की पुढची तीन वर्षं, म्हणजे ते पिल्लू वयात येऊन त्याची जोडी लागेपर्यंत, खरं काय ते कोणालाच सांगता येत नाही.